व्यसनमुक्तीची वाट पाळणाघरातून



स्मृतिव्याख्यानात वक्त्याने मोठा विषय घ्यावा, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. मी विषय लहान घेतला आहे. अक्षरशः लहान, म्हणजे तीन वर्षांच्या आतला. दारूवर बोलायचं म्हटलं की आपल्याकडे भाषण ठरलेलं असतं. पिणारा माणूस, त्याचं कर्ज, त्याचं यकृत, मार खाणारी बायको आणि शेवटी सभागृहाने उभं राहून घेतलेली शपथ. मूल त्या भाषणात येतं ते श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी आणण्यापुरतं. पाणी आलं की वक्ता पुढे जातो आणि मूल तिथेच राहतं. आज मला त्या मुलाला विषयाच्या मधोमध बसवायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना ते पटणार नाही त्यांना आक्षेप जमवायला वेळ मिळेल. पाळणाघर, समुपदेशन आणि व्यसनमुक्ती या तीन सेवा आपण तीन खात्यांत आणि तीन पत्त्यांवर ठेवल्या आहेत. त्या एकाच वस्तीत एकमेकींना जोडून उभ्या राहायला हव्यात आणि त्या जोडणीचं दार पाळणाघर असायला हवं. व्यसनमुक्तीचं दार पाळणाघरात? ऐकायला विचित्र वाटेल. म्हणून तीन प्रश्न क्रमाने घेतो. गरजू माणूस उपचारापर्यंत पोचत का नाही? तो पोचला तरी घर का सावरत नाही? आणि मग दार नेमकं कुठे असावं?

सुरुवात आपल्याच बुऱ्हाणपूरपासून करू. तापीकाठचं हे शहर मागावर जगतं आणि भोवतालचा जिल्हा केळीवर. ज्या वस्त्यांत पॉवरलूम चालतात तिथल्या घरातलं काम असं वाटलेलं असतं की पुरुष मागावर आणि बाई घरात कांड्या भरायला. तिला पैसे कामावर मिळतात, तासांवर नाही. म्हणजे मुलाला घेण्यासाठी हात थांबला की मजुरी थांबली. खोली एकच. हवेत सुताची तूस, कानांवर मागाचा खडखडाट आणि वाशाला बांधलेल्या झोळीत मूल. केळीच्या बागेत झोळी झाडाला बांधलेली असते, एवढाच फरक. अशा आईसाठी कायद्याने काय केलं? 1948 च्या कारखाना कायद्याने तीसपेक्षा जास्त स्त्रिया कामाला असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचं केलं. मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीने पन्नास कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला ते बंधनकारक केलं. तरतुदी चांगल्याच होत्या. पण आठ-दहा मागांच्या शेडला आणि घरात बसून कांड्या भरणाऱ्या बाईला हे तीस आणि पन्नासचे आकडे कधी लागू झाले? कायदा कारखान्याच्या फाटकाशी उभा राहिला आणि काम मात्र केव्हाच फाटकाबाहेर गेलं.

आता याचा व्यसनाशी काय संबंध, असं कोणी विचारेल. संबंध जुना आहे आणि त्याची नोंदही झालेली आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी मुंबई सरकारने एका डॉक्टर बाईंकडून करून घेतली होती. डॉ. बार्न्स यांचा तो अहवाल 1922 चा. त्यात एक गोष्ट पुढे आली. गिरणीत जाणाऱ्या बहुतेक आया तान्ह्या मुलांना अफू देत होत्या. बाजारात ती 'बाळागोळी' म्हणून मिळायची. सकाळी गोळी द्यायची, मूल गुंगीत पडून राहायचं आणि आई पाळीवर जायची. या आया निर्दय होत्या का? मुळीच नाही. त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या, उपाशी मूल किंवा झोपलेलं मूल. मित्रहो, आजच्या व्याख्यानाचा पाया मी या गोळीवर ठेवतो आहे. समाजाने मुलाला सांभाळण्याची सोय केली नाही की त्या रिकाम्या जागेत गुंगी शिरते. मुलासाठी ती गोळी असते. बारा तास उभं राहून आलेल्या बापासाठी ती बाटली असते. आईसाठी ती कधी मिश्री असते, कधी तंबाखू. ही सगळी व्यसनं टंचाईतूनच येतात, असं मी म्हणत नाही. पैसेवाल्यांच्या घरांतही बाटल्या असतातच. पण आधाराची टंचाई जिथे आहे, तिथे व्यसनाला घरात पाय पसरायला जागा जास्त मिळते.

आता पहिला प्रश्न. माणूस उपचारापर्यंत पोचत का नाही? दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे 16 कोटी लोक दारू पितात आणि त्यांतल्या साधारण 5.7 कोटी लोकांना मदतीची गरज आहे. दारूवर अवलंबून असलेल्या दर 38 माणसांपैकी एकालाच कसलातरी उपचार मिळाल्याचं तीच पाहणी सांगते. भरती होऊन उपचार घेणारा तर 180 मध्ये एक. त्याआधी निम्हान्सने 2015-16 मध्ये केलेल्या मानसिक आरोग्य पाहणीतही दारूच्या बाबतीत उपचारावाचून राहिलेल्यांचं प्रमाण 86 टक्के निघालं होतं. 38 मधले 37 बाहेर राहतात, ते का? खाटा कमी आहेत हे खरं. केंद्रं लांब आहेत हेही खरं. पण खाटा वाढवल्या म्हणजे माणसं येतील का? व्यसनाची पहिली खूण हीच की माणूस म्हणतो, 'मला काही झालेलं नाही, मनात आणलं तर उद्या सोडीन.' असा माणूस ज्या इमारतीवर 'व्यसनमुक्ती केंद्र' अशी पाटी आहे, तिची पायरी आपण होऊन कशाला चढेल? आणि त्याची बायको तरी का चढेल? त्या पायरीवर तिला पाहिलं की गल्लीत सगळ्यांना कळतं. आपण दार असं बांधलं आहे की ज्याला आत यायचं आहे, त्याला आधी स्वतःची बदनामी मान्य करावी लागते.

मराठी समाजाने या प्रश्नाला जे उत्तर शोधलं, त्यात पुण्याचं मुक्तांगण पहिल्या रांगेत आहे. ऐंशीच्या दशकात शहरांतल्या तरुणांना ब्राउन शुगरने, ज्याला आपण गर्द म्हणू लागलो तिने, घेरलं तेव्हा डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लिहिलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे पाठीशी उभे राहिले आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झालं. ते उभं केलं डॉ. अनिता अवचट यांनी. मुक्तांगणचं नाव निघालं की लोकांना तिथला निवासी उपचाराचा काळ आठवतो. मला त्याहून महत्त्वाच्या वाटतात त्या त्याला जोडलेल्या दोन गोष्टी. एक, गावोगावचा पाठपुरावा, म्हणजे घरी गेलेला माणूस ठरावीक दिवशी पुन्हा सोबत्यांत येऊन बसतो. दुसरी, 'सहचरी' हा पत्नींचा गट. व्यसन एकाने केलं तरी आजारी सगळं घर पडतं, हे त्या संस्थेने फार लवकर ओळखलं. अमेरिकेतही असंच घडलं होतं. 1935 मध्ये अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस सुरू झाली, 1951 मध्ये पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-ॲनॉन आली आणि मुलांसाठी अल-अटीन यायला 1957 उजाडलं. क्रम लक्षात घ्या. आधी पुरुष, मग बायको, सर्वांत शेवटी मूल. जगभर हाच क्रम दिसतो. मला तो उलटा करायचा आहे.

का उलटा करायचा? इथे दुसरा प्रश्न येतो. उपचार मिळाला तरी घर का सावरत नाही? गोव्यात 'संगाथ' या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष 2017 मध्ये लॅन्सेटमध्ये आले. घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी बोलायला त्यांनी मानसोपचारतज्ज्ञ नेमले नाहीत. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या साध्या माणसांना प्रशिक्षण दिलं आणि एक ते चार बैठकांचं समुपदेशन त्यांच्याकडून करवलं. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 36 टक्के लोक घातक पिण्याच्या रेषेखाली आले होते. नेहमीचाच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण 26 टक्के होतं. आधीच्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेले एका बाजूला 42 टक्के, दुसऱ्या बाजूला 18. म्हणजे आपल्यासारखा माणूस, आपल्या भाषेत, आपल्याच दवाखान्यात बोलला तर फरक पडतो. हे यश मोठं आहे. पण त्याच अभ्यासात आणखी एक ओळ आहे आणि ती सहसा कोणी मोठ्याने वाचत नाही. बायकोला होणाऱ्या मारहाणीत या समुपदेशनाने फरक पडल्याचं दिसलं नाही. कामाचे बुडणारे दिवसही तसेच राहिले. पेला खाली ठेवला गेला, हात मात्र खाली आला नाही. त्या समुपदेशनाचा हा दोष नाही; ते पिण्यासाठीच बेतलेलं होतं. दोष आपल्या गृहीतकाचा आहे. बाप सुधारला की घर आपोआप सुधारेल, असं आपण धरून चाललो.

आणि घर सुधारेपर्यंत मूल थांबतं का? अमेरिकेत 1998 मध्ये हजारो प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. घरातलं व्यसन, आईला होणारी मारहाण, मुलाचा छळ, घरातला मानसिक आजार असे सात प्रकारचे आघात त्यांनी मोजले. ज्यांच्या वाट्याला चार किंवा अधिक प्रकार आले होते, त्यांच्यात पुढे दारूचं किंवा अमली पदार्थांचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारापट आढळला. धोका म्हणजे विधिलिखित नव्हे. अशा घरांतून उत्तम माणसं घडलेली आपण सगळेच पाहतो. पण ती घडतात तेव्हा बहुधा कुठेतरी एक आजी, एक शिक्षिका, एक शेजारीण त्यांच्या वाट्याला आलेली असते. ती शेजारीण नशिबावर सोडायची की व्यवस्थेत बसवायची, एवढाच प्रश्न आहे. शिवाय आपल्या देशात मूल नुसतं साक्षीदार राहत नाही. एम्सच्या त्याच पाहणीत हुंगण्याच्या नशेचं, म्हणजे व्हाइटनर, पंक्चरचं सोल्युशन, असल्या गोष्टींचं प्रमाण मोठ्या माणसांपेक्षा मुलांमध्ये जास्त निघालं. मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद सांगणारं कलम 2015 च्या बाल न्याय कायद्यात आहे. पण ते कलम हुंगणं सुरू झाल्यावर उपयोगी पडणार. त्याआधीची दहा वर्षं ते मूल कुणाच्या नजरेखाली होतं?

इथवर जे मांडलं त्याचा गोषवारा घेऊ. पिणारा आपण होऊन येत नाही. आला तरी त्याच्या एकट्याच्या उपचाराने घर सावरेलच असं नाही. आणि घराची वाट पाहत बसायला मुलाकडे वेळ नाही. मग आपल्या गावाकडे पाहा. इथे अंगणवाड्या आहेत, जिल्हा रुग्णालय आहे, परिवार परामर्शाची सोय आहे, नशामुक्तीच्या मोहिमा आहेत. सगळं काही आहे. पण कुंडी भंडाऱ्याच्या गावात राहून आपण एक गोष्ट विसरलो. मोगल सुभेदार खानखाना याच्या काळात, 1615 च्या सुमारास, सातपुड्यातून झिरपणारं पाणी शहरात आणलं गेलं तेव्हा नुसत्या विहिरी खणल्या नाहीत. वरून पाहणाऱ्याला शंभरेक सुट्या कुंड्या दिसतात. पाणी गावात येतं ते त्यांना जमिनीखालून जोडणाऱ्या भुयारामुळे. आपण कुंड्या खणल्या आणि भुयार खणलं नाही. अंगणवाडीत मूल सुकत चाललेलं दिसतं, पण बाप पितो ही माहिती तिथेच मुरते. रुग्णालयात बापाच्या यकृताची तपासणी होते, पण घरी दोन वर्षांची मुलगी आहे का, हे केसपेपरवर कोणी लिहीत नाही. परामर्श केंद्रात नवरा-बायकोचा समझोता होतो, पण कागदावर सही करून तो माणूस कोणत्या रस्त्याने घरी गेला आणि त्या रस्त्यावर दारूची दुकानं किती होती, ते कोणी विचारत नाही.

आता तिसरा प्रश्न, आणि माझ्या म्हणण्याचा गाभा. दार कुठे असावं? ते असावं तिथे, जिथे बाई मान खाली न घालता जाऊ शकते. मुलाला घेऊन जाणारी बाई कुठेही ताठ मानेने जाते. तिला कोणी विचारलं, तर सांगायला कारण असतं. दार लोकांना सोयीचं असेल तिथे न्यावं लागतं, हे आपल्याच माणसांनी फार पूर्वी ओळखलं होतं. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बाल विकास योजना देशातल्या 33 गटांत सुरू झाली तेव्हा अंगणवाडी हेच नाव देशभर गेलं. त्याआधी 1969 मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत, गांधी जन्मशताब्दीच्या बांधकामावर धुळीत पडलेली मजुरांची मुलं पाहून मोबाइल क्रेशची सुरुवात केली होती. पाळणाघर आईच्या कामापाशी न्यायचं, हे सूत्र तेव्हापासून सिद्ध आहे.

मग अंगणवाडी आहे ना, आणखी काय हवं? हवं ते हे की अंगणवाडी चालते दिवसातले काही तास आणि कांड्या भरणं चालतं दिवसभर. तीन वर्षांखालच्या मुलाला अंगणवाडीतून आहार घरी मिळतो. दिवसभराचा सांभाळ मिळत नाही. ही फट केंद्र सरकारलाही दिसली आहे, म्हणून 'पाळणा' योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघरं काढायची तरतूद आहे. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, महिन्याचे 26 दिवस आणि दिवसाचे साडेसात तास. पण पाळणाघर म्हणजे मुलं कोंडायची खोली नव्हे, हे ठासून सांगायला हवं. दर्जा ओळखायला फार मोठी समिती लागत नाही. सकाळी अकराच्या सुमाराला आत जावं आणि पाहावं. ताई मुलापाशी खाली बसते की उभ्यानेच हाक मारते? दीड वर्षाचं पोर 'बू' म्हणालं तर तिकडून उत्तर येतं का? भरवताना चमचा मुलाच्या तोंडाच्या वेगाने चालतो की ताईच्या घाईच्या? काल हसणारं मूल आज कोपऱ्यात का बसलं आहे, हे कुणाच्या लक्षात आलं का? एवढं दिसलं तर पाळणाघर चांगलं. भिंतीवरच्या रंगीत फळांच्या चित्रांवर जाऊ नये. ती सगळीकडे असतात.

या साध्या गोष्टींनी खरंच फरक पडतो का? जमैकाची राजधानी किंग्स्टन इथल्या गरीब वस्त्यांत ऐंशीच्या दशकात वाढ खुंटलेल्या मुलांच्या घरी वस्तीतल्याच आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा, तासभर जात. टाकाऊ वस्तूंतून खेळणी करायची, आईला मुलाशी खेळायला आणि बोलायला शिकवायचं. दोन वर्षं, बस्स. वीस वर्षांनी त्या मुलांचा माग काढला तेव्हा ज्यांच्या घरी सेविका गेली होती, त्यांची कमाई इतरांपेक्षा सुमारे पंचवीस टक्क्यांनी जास्त होती. हे करणाऱ्या कोणी मोठ्या तज्ज्ञ नव्हत्या. गोव्याचे समुपदेशकही नव्हते. दोन्ही दाखले एकाच दिशेने बोट दाखवतात. वस्तीतला माणूस, त्याला नीट शिकवणारं कोणी आणि त्याच्या चुका दर आठवड्याला तपासणारं कोणी. बुऱ्हाणपूरला तर याची गरज दुप्पट आहे. इथे एका गल्लीत उर्दू, दुसरीत मराठी, तिसरीत निमाडी आणि खकनारच्या बाजूला कोरकू बोलतात. इतक्या भाषांतले मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून? आणायचे नसतात; वस्तीतून घडवायचे असतात. मध्य प्रदेशाला हे नवीन नाही. जिल्हा रुग्णालयांतला मानसिक आरोग्याचा 'मन कक्ष' ही कल्पना सीहोर जिल्ह्यातल्या अशाच एका प्रयोगातून आली आणि राज्यभर गेली. तो मन कक्ष भुयाराच्या एका टोकाला ठेवा. दुसऱ्या टोकाला माग-वस्तीतली आणि केळी-पट्ट्यातली पाळणाघरं ठेवा. चार-पाच पाळणाघरांमागे एक प्रशिक्षित समुपदेशक बाई, आठवड्याचा ठरलेला वार आणि त्याच जागेत संध्याकाळी, मुलं घरी गेल्यावर, दारू सोडलेल्या पुरुषांची पाठपुराव्याची बैठक. बापाने पोराला घ्यायला यायचं आणि जाता जाता बैठकीत बसायचं. 'दारुड्यांच्या बैठकीला जातो' असं म्हणायला त्याची जीभ रेटत नाही, पण 'पोराला आणायला जातो' असं तो रुबाबात सांगेल.

आता आक्षेप. पहिला आक्षेप जोरकस आहे: हे कशाला, दारूच बंद करा. दारूबंदीची मागणी बहुतेक स्त्रिया करतात आणि त्या मागणीचा मी आदर करतो. उपलब्धता घटली की पिणं घटतं, हेही खरं. आपल्या राज्य सरकारने एप्रिल 2023 पासून दारूच्या दुकानांना लागून असलेले, बसून पिण्याचे अहाते बंद केले. खकनारसारख्या अनुसूचित भागात राज्याच्या 2022 च्या पेसा नियमांनी ग्रामसभेला दारूदुकानाबाबत बोलण्याचा अधिकार दिला. हे अधिकार वापरलेच पाहिजेत. पण अहाता बंद झाल्यावर बाटली कुठे जाते? ती घरी येत असेल, तर त्या एकाच खोलीत येते, जिथे झोळी टांगलेली आहे. शेजारच्या महाराष्ट्राचा अनुभव दोन्ही बाजूंनी शिकवतो. चंद्रपूरची दारूबंदी 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. गडचिरोलीत ती 1993 पासून आहे, आणि तिथेही नुसत्या बंदीवर भागलं नाही. 2016 पासून 'मुक्तिपथ' या उपक्रमातून गावसंघटना आणि उपचार यांची जोड द्यावी लागली. बंदी ही सेवेची जागा घेऊ शकत नाही. सेवेला तिची मदत होऊ शकते.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. पिणार पुरुष आणि दार आईसाठी? म्हणजे त्याला सुधारण्याचं ओझं पुन्हा बाईच्याच डोक्यावर? आक्षेप रास्त आहे, म्हणून अट स्पष्ट हवी. पाळणाघर हे नवऱ्याला पकडून आणण्याचं आमिष नव्हे. त्याने दारू सोडली नाही तरी मुलाची जागा पक्की, आईची मजुरी पक्की, तिच्याशी बोलणारं माणूस पक्कं. नवरा सुधारेल न सुधारेल, तिच्या हातात दिवसाचे साडेसात तास आणि स्वतःचा पैसा आला की तिचं त्या घरातलं वजन बदलतं. आणि व्यसन बाईचंही असू शकतं. मुक्तांगणने स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग काढला तो उगाच नाही. आईच व्यसनात असेल तर मुलासाठी दिवसाचा सुरक्षित सांभाळ आणखीच निकडीचा होतो.

तिसरा आक्षेप: अंगणवाडी ताईंवर आधीच रजिस्टरांचा डोंगर आहे, त्यात हे आणखी. मान्य. म्हणूनच समुपदेशन ताईंनी करायचं नाही. त्यांनी मूल पाहायचं आणि शंका आली तर एका माणसाला सांगायचं. पाळणाघरासाठी वेगळी माणसं आणि वेगळं मानधन हवं. अंगणवाडीच्या ताईलाच आणखी दोन तास थांबायला सांगून पाळणाघर झालं, असं कोणी म्हणू नये. चौथा आक्षेप गावातल्या तोंडांचा. शनवाऱ्यात कुजबुजलेलं राजपुऱ्यात पोचायला कितीसा वेळ लागतो? म्हणून पाळणाघराच्या वहीत फक्त मुलाची नोंद असावी, घराची नाही. समुपदेशक शेजारच्या नव्हे, दुसऱ्या मोहल्ल्यातली असावी. आणि मूल खरोखर धोक्यात असल्याखेरीज गोष्ट बाहेर जाऊ नये. 'पोर काढून नेतील' ही भीती एकदा आईच्या मनात बसली की दार कायमचं बंद होतं.

पाचवा आक्षेप पैशाचा, आणि तो सर्वांत शेवटी येतो कारण तो सर्वांत आधी तयार असतो. खर्च येईल, हो. पण आजही खर्च होतोच आहे. तो त्या घरांच्या मजुरीतून जातो, रुग्णालयाच्या खाटेवर जातो, पोलीस ठाण्याच्या पायऱ्यांवर जातो. फक्त तो कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. 'पाळणा' योजनेचे पैसे, नगर निगमच्या रिकाम्या खोल्या, मागमालकांचा दर मागामागे ठरवून दिलेला वाटा आणि केळीच्या व्यापाऱ्यांचा हंगामी हातभार एकत्र केला, तर सुरुवातीला चार वस्त्यांत हे उभं राहणं अवघड नाही. कायद्याच्या आकड्यात आपली शेड बसत नाही म्हणून मालक सुटले असतील. त्यांच्या मागावर चढणारी कांडी ज्या हातांनी भरली, ते हात सुटलेले नाहीत.

शेवटी मोजमापाबद्दल, कारण ज्याची मोजणी चुकते ते कामही चुकतं. दर 26 जूनला अमली पदार्थविरोधी दिन येतो. रॅली निघते, शपथ होते आणि किती विद्यार्थ्यांनी शपथ घेतली त्याचा आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. तो आकडा मोजणं आपण थांबवावं. त्याऐवजी वस्तीपुरते चार आकडे दर तीन महिन्यांनी जाहीर मागावेत. तीन वर्षांखालची किती मुलं पाळणाघरात रोज येतात? त्यांतल्या किती मुलांचं वजन वाढतं आहे? किती आया सलग काम करू शकल्या? आणि पाठपुराव्याच्या बैठकीला आलेल्यांपैकी किती जण सहा महिन्यांनीही येत आहेत? पुन्हा प्यायलेला माणूसही बैठकीला आला तर तो आलेल्यांतच मोजायचा. घसरल्यावर परत येणं हाही उपचारच आहे. या शहराचे नगरसेवक, मागमालक, डॉक्टर आणि शिक्षक आज या सभागृहात आहेत. तुमच्यापैकी प्रत्येकाच्या हातात या व्यवस्थेचा एकेक तुकडा आहे. कुणाकडे खोली, कुणाकडे पैसा, कुणाकडे शिकलेली माणसं. पहिल्या पाळणाघराची जागा या महिन्यात ठरवा आणि वरचे चार आकडे पुढच्या वर्षी याच व्यासपीठावरून वाचायला लावा. ते आकडे वाईट असले तरी चालतील. लपवलेले नसले, म्हणजे पुढच्या वर्षीचं काम कुठून सुरू करायचं ते कळेल.